पायवाट आखायची तर आधी ‘नको’चा नकाशा काढा

मी आखलेली पहिली पायवाट कागदावर फार देखणी होती. ओढ्याच्या काठाकाठाने जाणारी, सव्वातीन किलोमीटरची, पायथ्याशी सुरू होऊन टेकडीच्या माथ्यावर संपणारी. नगररचना विभागात मी तेव्हा नवीन होते. टेबलावर नकाशा, हातात हिरवं स्केचपेन, आणि जागेवर मी एकदाच जाऊन आले होते, तेही कोरड्या दिवसांत. पहिल्या मोठ्या पावसात ओढा वाटेवर आला. दुसऱ्या पावसात वाटच ओढ्यात गेली. उद्घाटनाची कोनशिला मात्र शाबूत राहिली. ती उंचावर बसवली होती.

त्यानंतरची बावीस वर्षं याच कामात गेली. निसर्गही राखायचा आणि लोकांना फिरायलाही द्यायचं, अशा जागांचे आराखडे करायचे. आता कुणी नवा अधिकारी किंवा नुकता निवडून आलेला सदस्य विचारायला आला, की मी एकच गोष्ट आधी सांगते: वाट कुठून न्यायची ते नंतर बघू, कुठून न्यायची नाही ते आधी ठरवा. पुढचं सगळं मी त्याच क्रमाने लिहिलंय.

लाल पेन्सिल

जागेचा मोठा नकाशा घ्या. कंटूर रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असलेला हवा, नुसता उपग्रहाचा फोटो चालणार नाही. फोटोत झाडी दिसते, चढ दिसत नाही. त्यावर ट्रेसिंग पेपर टाका आणि जिथे माणसाचा पाय पडू नये अशा जागा लाल पेन्सिलीने भरून काढा. दलदल आणि पाणथळ. ओढ्याचे दोन्ही काठ, पुराचं पाणी चढतं तिथवर. सुटी माती घसरणारे उतार. कड्यांवरच्या घरट्यांच्या जागा. क्वचित आढळणाऱ्या वनस्पतींचे पट्टे. कुणाच्या खिडकीत थेट डोकावणारी कड. हे काम आता संगणकावर थर चढवून करतात आणि तसंच करावं, पण पहिल्या बैठकीला मी अजूनही ट्रेसिंग पेपर नेते. लाल रंग पसरत जाताना सगळ्यांना समोर दिसतो, आणि ‘इथून न्या ना मॅडम, व्ह्यू छान आहे’ म्हणणारे आपोआप गप्प होतात.

हा नकाशा तसाच्या तसा जाहीर मात्र करू नका. घरट्यांच्या आणि दुर्मिळ वनस्पतींच्या नेमक्या जागा छापणं म्हणजे चोरांना पत्ता देणं. जाहीर प्रतीत ढोबळ पट्टे ठेवा.

लाल भरताना हमखास होणारी चूक म्हणजे वाट एक मीटर रुंद, म्हणून तिचा परिणामही एक मीटर धरणं. माणसांची ये-जा सुरू झाली की प्राणी वाटेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा टाळू लागतात, आणि सोबत मोकळा कुत्रा असेल तर तो पट्टा आणखी रुंदावतो. म्हणून सलग, अजून न फाटलेल्या झाडीच्या मधोमध वाट घालू नका. कडेने न्या, जिथे आधीच रस्ता, कुंपण, विजेची तार काहीतरी गेलेलं आहे त्याच्या आसपास. दुसरं असं, की ठरलेल्या रेषेवरून जाणाऱ्या माणसाची पक्ष्यांना बऱ्यापैकी सवय होते, आणि तोच माणूस रेष सोडून आत शिरला की ते लवकर उडतात. वनस्पतींचंही तसंच. कोऱ्या जमिनीवर सुरुवातीच्या थोड्या वर्दळीनेच बरंचसं नुकसान होऊन जातं, नंतर वर्दळ कितीतरी पटींनी वाढली तरी त्या मानाने फार भर पडत नाही. तेव्हा ‘गर्दी विभागू या, पाच वाटा करू या’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटलं तरी संवर्धनाच्या जागेत बहुधा उलटं पडतं. एक दणकट वाट करा आणि लोकांना तिच्यावरच राहावंसं वाटेल अशी करा.

वाट काय वाहून नेते हेही पाहा. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाच्या प्रचंड वृक्षांना मुळं कुजवणारा एक सूक्ष्मजीव मारतो, आणि तो चालणाऱ्यांच्या बुटाला लागलेल्या मातीतूनही पसरतो. २०१७ च्या अखेरीस तिथल्या मूळनिवासी माओरी समूहाने वाइताकेरे डोंगरातल्या जंगलात जाण्यावर आपल्या परंपरेनुसार बंदी घातली, आणि २०१८ मध्ये ऑकलंड कौन्सिलने त्या जंगलातल्या वाटा अधिकृतपणे बंद केल्या. नंतर त्या एकेक करून दुरुस्त केल्या, मुळांवरून जाणारे भाग उचलून फळ्यांवर घेतले, बूट धुण्याची सोय केली आणि मग टप्प्याटप्प्याने उघडल्या. लोकप्रिय वाटा बंद करणं कुठल्याही निवडून आलेल्या संस्थेला जड जातं. पण आराखड्यातच ‘कोणत्या परिस्थितीत बंद करू’ असं एक पान असलं, तर तो निर्णय कुणा एकाच्या गळ्यात पडत नाही.

काही जागा कायमच्या लाल नसतात, विणीच्या काळापुरत्याच असतात. त्या मी तिरप्या रेघांनी दाखवते आणि बाजूला महिने लिहिते. मग तिथे फाटक कुठे बसवायचं आणि त्या काळात पर्यायी वाट कोणती, हे लगेच ठरवायचं. फाटकाशिवायची हंगामी बंदी ही फक्त पाटी असते.

आता ट्रेसिंग पेपर खाली ठेवा आणि जागेवर जा, तिथे रोज वावरणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन. एका माळावर मेंढ्या चारणारे एक काका असेच बरोबर आले होते. जनावरं पाण्यावर कुठून उतरतात ते त्यांनी दाखवलंच, ते मला अपेक्षितही होतं. पण एका सपाट खडकापाशी थांबून ते म्हणाले, “बाई, संध्याकाळी पोरं इथं बसत्यात. तुमी हितं लाल केलंय. इथनं उठवली तर ती कुठं जातील? खाली पाण्यावर.” मी नकाशा पाहिला. खडकाच्या कडेला एक वनस्पती होती म्हणून तो लाल केला होता. आणि खालचं पाणी त्याहून नाजूक होतं. खडक मी पांढरा केला, वनस्पतीभोवती दगडांची ओळ घातली. तेव्हापासून प्रत्येक लाल जागेपुढे मी एक प्रश्न लिहून ठेवते: आज इथे कोण येतं, आणि उद्या ते कुठे जाईल?

जमीन कुणाची

लाल सोडून जे पांढरं उरलं ते कुणाच्या नावावर आहे, ते आता बघा. अर्ध्या वाटा इथेच मरतात. सगळी जमीन विकत घेण्याची गरज नसते. मालकी मालकाकडेच ठेवून जाण्या-येण्याचा कायम हक्क नोंदवून घेता येतो, ठरावीक वर्षांचा करार करता येतो किंवा नुसती परवानगी घेता येते. माझं मत स्पष्ट आहे: ज्या तुकड्यावर पूल किंवा पायऱ्या यांसारखा खर्च होणार, तिथे नोंदवलेला हक्कच हवा. नुसत्या परवानगीवर पूल बांधलात आणि जमीन विकली गेली, तर नवा मालक पुलाच्या तोंडाशी कुंपण घालतो. मी हे पाहिलंय; तो पूल अजून तिथेच आहे, दोन्ही टोकांना काहीही नसलेला. करारात अपघात झाल्यास जबाबदारी कुणाची आणि कुंपण, फाटक यांची दुरुस्ती कोण करणार, हे दोन मुद्दे लिहिल्याशिवाय मालकाची सही मागू नका. त्याची भीती तीच असते.

आधीच्या वहिवाटा शोधा. नवी वाट घालण्यापेक्षा जुनी कागदावर आणणं स्वस्त आणि निसर्गालाही कमी त्रासाचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने पायी जाण्याच्या हक्काच्या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले, आणि २००० च्या कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांवर या वाटांच्या सुधारणेचा आराखडा करण्याची सक्ती केली, निदान दर दहा वर्षांनी फेरआढावा घेण्यासकट. त्याच कायद्याने जमीनमालक, वापरणारे आणि इतर संबंधित एकत्र बसतील असे स्थानिक सल्लागार मंचही नेमायला लावले. सक्ती नसली तरी दहा वर्षांची मुदत आपल्या आराखड्यावर आपणच घालून घ्यावी. मुदत नसलेला आराखडा कपाटात जातो.

सोडून दिलेले रेल्वेमार्ग दिसले तर हातचे जाऊ देऊ नका. रेल्वेचा चढ मुळातच अगदी कमी असतो, निचऱ्याची कामं झालेली असतात आणि जमीन सलग असते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातली एलरॉय-स्पार्टा ही अशा वाटांपैकी अगदी सुरुवातीची, १९६० च्या दशकातली. तीन जुने बोगदे पार करत जाणारी. १९८३ मध्ये तिथे कायद्यात अशी सोय केली की बंद पडलेल्या मार्गाची पट्टी तुकड्यांत विखुरली न जाता पुढे कधी रेल्वेला लागली तर परत मिळेल अशा अटीवर वाटेसाठी राखता यावी. एकदा ती पट्टी तुकड्यांत विकली गेली की पुन्हा जोडणं जवळपास अशक्य.

उतार आणि पाणी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी पहिली वाट इथेच वाहून गेली.

चढ टक्क्यांत मोजा. आडवं १०० मीटर अंतर जाताना उंची १० मीटर वाढली तर तो १० टक्के. (४५ अंश म्हणजे १०० टक्के, हे ऐकून इंजिनिअरसुद्धा क्षणभर थबकतात.) मातीच्या वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवा. त्याहून महत्त्वाचा नियम निम्म्याचा: डोंगराच्या अंगाचा उतार जितका, त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नको. डोंगरउतार १६ टक्के असेल तर वाट फार तर ८ टक्के. तिथे १२ टक्क्यांनी चढलात, तर वरून येणारं पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेलाच आपला मार्ग धरतं आणि पाहता पाहता तिची घळ होते. म्हणून अगदी सपाट जागा फसवी असते. तिथे पाणी बाजूला जायला उतारच नाही. वाट चिखल होते, लोक चिखल चुकवायला कडेने चालतात, आणि एक मीटरची वाट दोन वर्षांत पाच मीटरची होते. डोंगराच्या अंगावरून आडवी जाणारी वाट टिकते, माथ्याकडे सरळ चढणारी टिकत नाही.

आखणी दोघांनी करायची. माझ्याबरोबर बहुधा ऑफिसमधला एक मुलगा असायचा, माझ्यापेक्षा बराच उंच. सपाट जागी समोरासमोर उभं राहून आधी बघायचं, की माझी नजर त्याच्या अंगावर कुठे येते. ती त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर यायची. मग तो रिबिनींचं बंडल घेऊन वीसेक मीटर पुढे जायचा आणि मी उतारमापकातून त्या बटणावर नेम धरायचे. “नऊ. खाली ये थोडा. अजून. थांब.” सात. तिथल्या फांदीला रिबीन. पुढे. नेम सात-आठ टक्क्यांवरच ठेवायचा, १० वर नाही. कारण मध्ये खडक येतो, मोठं झाड येतं, आणि ते चुकवताना हातात दोन-तीन टक्के शिल्लक असावे लागतात. एका दिवसात फार तर एक-दीड किलोमीटर होतो. मग उलट दिशेने चालत यायचं, कारण उतरताना वेगळंच दिसतं, आणि निम्म्या रिबिनी हलवायच्या. शेवटी पाऊस पडत असताना एकदा जायचं. पाणी कुठे साचतं, कुठून धावतं, हे तेव्हा जे कळतं ते कुठल्याच सर्वेक्षणात कळत नाही.

आखताना दोन गोष्टी मुद्दाम घाला. एक म्हणजे उलट उतार: चढत जाणारी वाट मध्येच चार पावलं खाली उतरवायची आणि पुन्हा चढवायची. त्या खळगीत पाण्याला वाट सोडावीच लागते. चढ जास्त तिथे दर १०-१५ मीटरवर एक तरी हवी. चालणाऱ्याला ती जाणवतही नाही. दुसरी म्हणजे वाटेच्या पृष्ठभागाला दरीच्या बाजूने सुमारे ५ टक्के कल, म्हणजे एक मीटर रुंदीत पाच सेंटीमीटर. दिसायला काहीच नाही, म्हणून कंत्राटदार ते सोडून देतात. मी काम तपासायला जाताना पाण्याची बाटली नेते. वाटेच्या मधोमध हळूहळू ओतते आणि बघते. पाण्याची जीभ आधी थांबते, धूळ गोळा करते, मग कडेकडे वळून खाली टपकते: बिल मंजूर. वाटेवरूनच पुढे धावली तर नाही. एकदा तर माझी बाटली बघताच मुकादमाने फावडं परत बाहेर काढलं होतं.

नागमोडी वळणांचं एक दुखणं असतं: लोक ती कापतात. वरची वाट खालून दिसली की कापणारच. म्हणून वळणं कमी ठेवा, एकमेकांपासून लांब ठेवा, आणि दोन टप्प्यांच्या मध्ये दाट झुडूप किंवा मोठा खडक येईल अशा जागी वळवा. ओढा काटकोनात ओलांडा, आणि वाट दोन्ही बाजूंनी ओढ्याकडे उतरती ठेवा. म्हणजे ओढा भरून वाहिला तरी वाटेत शिरून लांबवर धावणार नाही.

जमीनच मऊ असेल तर पर्याय महाग होतात. इंग्लंडमधल्या पेनाइन वेची कल्पना १९३५ मध्ये मांडली गेली आणि ती वाट पूर्णपणे खुली झाली १९६५ मध्ये; तीस वर्षं बरीचशी जाण्या-येण्याचे हक्क मिळवण्यात गेली. मग ती इतकी आवडली की पाणथळ, मुरलेल्या मातीवरचे तिचे भाग तुडवून रुंद काळे पट्टे झाले. अखेर बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीच्या दगडी फरशा हेलिकॉप्टरने वर नेऊन त्या भागांत अंथरल्या. आज लोक त्या फरशांवरून एका ओळीत चालतात आणि बाजूची झाडोरी परत आली आहे. हेलिकॉप्टर परवडणार नसेल तर पाणथळ आधीच लाल करा.

देखणी जागा मात्र टाळू नका. धबधबा, एकटं मोठं झाड, लांबवर दिसणारं टोक. तिथे तुम्ही वाट नेली नाहीत तर लोक स्वतः नेतील, आणि ती सगळ्यात वाईट उतारावरून जाईल. मुख्य वाटेवरून एक छोटा फाटा काढा, शेवटी थांबायला चार दगड, आणि तिथेच संपवा.

कोण चालणार

‘सर्वांसाठी’ हा शब्द ठरावात लिहिणं सोपं. चाकाची खुर्ची, काठी, बाळाची गाडी हे सगळं सगळीकडे नेता येत नाही, पण कुठल्या तुकड्यावर नेता येईल हे आकड्यांत लिहिता येतं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनींसाठी २०१३ मध्ये आलेले निकष मला उपयोगी पडले. ५ टक्क्यांपर्यंतचा चढ कितीही लांब चालतो, ८.३३ टक्क्यांपर्यंतचा सलग ६१ मीटर, १० टक्क्यांपर्यंतचा ९ मीटर आणि १२ टक्क्यांपर्यंतचा फक्त ३ मीटर. प्रत्येक चढानंतर विसाव्याची सपाट जागा. रुंदी निदान ९१ सेंटीमीटर. हे आकडे वाटेच्या तोंडाशी पाटीवर लिहा: सगळ्यात मोठा चढ किती, सगळ्यात अरुंद जागा कुठे, पृष्ठभाग कसला. ‘सोपी’, ‘मध्यम’ या शब्दांनी गुडघे दुखणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही. आकडे दिले की तो स्वतः ठरवतो.

सायकल आणि चालणारे एकत्र असावेत का, यावर प्रत्येक बैठकीत भांडण होतं. दूरवर दिसणाऱ्या, रुंद वाटेवर जमतं. आंधळ्या वळणांच्या अरुंद उतारावर जमत नाही, तिथे वेगळ्या वाटा किंवा एकदिशा. घोडे आले की पृष्ठभागाचा सगळा हिशेब बदलतो.

बैठक

व्यासपीठ, माइक आणि समोर खुर्च्यांच्या रांगा अशी बैठक घेऊ नका. माइक सगळ्यात रागावलेल्या माणसाच्या हातात जातो. मोठं टेबल, त्यावर नकाशा, आणि प्रत्येकाला तीन रंगांच्या टिकल्या: आज मी इथून चालतो, मला इथे भीती वाटते, इथे कुणी येऊ नये असं मला वाटतं. तासाभरात नकाशा बोलू लागतो. तिसऱ्या रंगाच्या टिकल्या लाल पेन्सिलीच्या कामात थेट जातात.

वाटेला लागून ज्यांची घरं किंवा शेतं आहेत त्यांना मात्र बैठकीत पहिल्यांदा भेटू नका. आधी घरी जा, रिकाम्या हाताने, म्हणजे आराखडा न घेता. चोरी, आवाज, गाड्या कुठेही लावणं, खिडकीत डोकावणं हे चार प्रश्न येतातच. उत्तरं बहुधा साधी असतात. घरापासून वाट थोडी खाली घेतली की चालणाऱ्याची नजर आपोआप कुंपणाखाली राहते, झुडपांची रांग, संध्याकाळी बंद होणारं फाटक. आणि पार्किंग. शेजाऱ्यांच्या तक्रारी मी पुढे वर्षानुवर्षं वाचल्या. वाटेविषयी थोड्या, गाड्यांविषयी ढीगभर. गाड्या लावण्याची जागा आणि स्वच्छतागृह वाटेच्या आधी बांधा.

पाट्या, मोजणी आणि मर्यादा

खुणांच्या बाबतीत स्वित्झर्लंडकडून घ्यावं. १९७९ मध्ये तिथल्या मतदारांनी पायवाटांना थेट राज्यघटनेत जागा दिली, आणि पुढच्या कायद्याने वाट मोडावी लागली तर बदली वाट देणं बंधनकारक केलं. सुमारे ६५,००० किलोमीटरचं जाळं, पण खुणा तीनच: साध्या वाटेला पिवळी, डोंगरी वाटेला पांढरी-लाल-पांढरी, त्याहून अवघड वाटेला पांढरी-निळी-पांढरी. पाटीवर अंतराऐवजी वेळ. वेळ काढायला १८९२ पासूनचा, स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा ठोकताळा चालतो: ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. मुलं आणि म्हातारी माणसं धरून मी त्यात तिसरा हिस्सा वाढवते. ‘करू नका’च्या पाट्या कमी लावा, फाट्यावरची एक स्पष्ट खूण दहा मनायांचं काम करते.

‘ही जागा किती माणसं सोसेल?’ हा प्रश्न समितीत येणारच. त्याला सरळ आकडा देऊ नका, कारण तो टिकत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने प्रश्नच बदलला: किती बदल आपण चालवून घेणार? मग मोजायच्या गोष्टी ठरतात. मी चार ठेवते: ठरलेल्या खुंट्यांपाशी वाटेची रुंदी, लोकांनी पाडलेल्या चोरवाटांची संख्या, उघडी पडलेली मुळं, आणि लाल पट्ट्याच्या कडेला ठरलेल्या पक्ष्यांची नोंद. प्रत्येकीपुढे हद्द आणि ती ओलांडल्यावर काय करायचं, हे आधीच लिहायचं. एक मीटरची वाट दीड मीटर झाली तर निचरा दुरुस्त करायचा. एकाच टप्प्यात दोन वर्षं ही हद्द ओलांडली गेली तर वाट हलवायची. माणसं मोजायला इन्फ्रारेड यंत्र लावा, पण महिन्यातून एकदा शेजारी बसून हातानेही मोजा. बरोबरीने गप्पा मारत जाणारे दोघे यंत्राला एकच वाटतात.

पैसा

बांधकामाला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही. म्हणून बांधण्याच्या ठरावातच देखभालीचा दरवर्षीचा स्वतंत्र मथळा अर्थसंकल्पात टाकून घ्या, आणि तो नाकारला गेला तर वाटेची लांबी कमी करा. आठ किलोमीटर मंजूर असताना मी एकदा तीनच बांधले. सदस्य नाराज झाले, पण ते तीन किलोमीटर आज चालता येतात. स्वयंसेवकांवर बरंच होऊ शकतं. १९२१ मध्ये सुचवलेली आणि १९३७ मध्ये जोडून पूर्ण झालेली सुमारे ३,५०० किलोमीटरची अमेरिकेतली अपलाचियन वाट आजही मोठ्या प्रमाणात स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक राखतात, प्रत्येकाकडे ठरलेला तुकडा. युक्ती त्या ‘ठरलेल्या तुकड्या’त आहे. ‘सर्वांनी या’ असं म्हटलं की दुसऱ्या खेपेला कुणी येत नाही. आणि अवजारं, विमा, एक पगारी देखरेख्या यांचा खर्च संस्थेनेच उचलायचा असतो.

वर्षातून दोनदा पूर्ण वाट चाला: मोठ्या पावसानंतर लगेच, आणि पावसाळ्याच्या महिनाभर आधी. नोंदवही, फोटो, अंतराच्या खुणा. बहुतेक दुरुस्ती एका फावड्याची असते: खळगीत साठलेला गाळ काढणं आणि खालच्या कडेला वाढलेली मातीची वरंबी छाटणं. ती वरंबी राहिली की पाणी पुन्हा वाटेवर अडकतं.

जुनी वाट पुसणं

नवी वाट उघडली की जुनी आपोआप बंद होईल असं कुणी धरू नये. लोकांच्या पायांना ती पाठ असते. माझ्या त्या पहिल्या ओढ्याकाठच्या वाटेचं काय केलं ते सांगते, कारण तिथे पुन्हा काम करायची संधी मला नऊ वर्षांनी मिळाली. वरच्या उतारावरून नवी वाट काढली. मग जुनीच्या दोन्ही टोकांपासून, नजर पोचते तिथवर, घट्ट झालेली माती कुदळीने वीतभर खोल सैल केली. घळ झालेल्या भागात आडवे ओंडके पुरून त्यांच्यामागे गाळ साठू दिला. आजूबाजूचीच झुडपं आणि गवताचे ठोंब आणून लावले, बाहेरची रोपं नाहीत. वाळक्या फांद्या उभ्या-आडव्या रोवल्या, नुसत्या टाकल्या नाहीत. टाकलेल्या फांद्या लोक उचलून बाजूला ठेवतात. तोंडाशी ‘वाट विश्रांतीवर आहे, नवी वाट उजवीकडे’ अशी एक पाटी एका हंगामापुरती ठेवली. मधल्या, न दिसणाऱ्या भागाला हातही लावला नाही. तो ओढ्याने आणि गवताने दोन वर्षांत स्वतःच घेतला.

हंगाम संपल्यावर पाटीही काढली. पाटी असेपर्यंत तिथे काहीतरी होतं हे लोकांना कळत राहतं.